चर्चा सुरू असताना बॉम्ब का पडले? इराणचा अणुप्रश्न आणि युद्धाची भीती

१५ जून २०२५ ला, रविवारी, ओमानची राजधानी मस्कत इथे अमेरिका आणि इराण यांच्यातल्या अणुचर्चेची सहावी फेरी ठरली होती. इराणचे परराष्ट्रमंत्री अब्बास अराघची आणि अमेरिकेचे दूत स्टीव्ह विटकॉफ यांच्यात आधी पाच फेऱ्या झाल्या होत्या, काही मस्कतला, काही रोमला. सहावी झालीच नाही. १३ जूनच्या पहाटे इस्रायलच्या विमानांनी इराणवर हल्ला चढवला. २२ जूनला अमेरिकेच्या विमानांनीही बॉम्ब टाकले. बारा दिवसांनी शस्त्रसंधी झाली तोवर, इराणी अधिकाऱ्यांच्या आकड्यांनुसार, इराणमध्ये हजाराहून जास्त माणसं मेली होती. इस्रायलमध्ये तीसच्या आसपास.

तेव्हापासून अणुचर्चेची बातमी आली की पुष्कळांना हायसं वाटण्याऐवजी धाकधूक होते. बोलणी म्हणजे हल्ल्याआधीची तयारीच, असं लोक उघड म्हणू लागलेत. ज्यांचं कुणी आखातात नोकरीला आहे, त्यांच्या घरी तर ही भीती रोजचीच. आणि ती खुळी म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. मात्र भ्यायचं नेमकं कशाला, हे समजून घेतलं पाहिजे. माझं मत असं की माणसं टेबलाला बसतात यात धोका नसतो. धोका असतो तो टेबलाभोवती लावलेल्या मुदतींत, दिलेल्या धमक्यांत, आणि सगळ्यात जास्त, आत जाऊन मोजमाप करणारा माणूस बाहेर काढला जातो त्यात. हे कसं, ते इराणच्याच उदाहरणावरून पाहू.

आधी एक गल्लत दूर करू. अणुबॉम्ब एकमेकांवर टाकले जातील अशी भीती एक, आणि अणुकार्यक्रमावरून साध्या शस्त्रांची लढाई पेटेल ही भीती दुसरी. जून २०२५ मध्ये झालं ते दुसरं. इराणकडे अणुबॉम्ब नव्हता. तो बॉम्ब बनवत नाहीये, असं अमेरिकेच्या गुप्तचर प्रमुख तुलसी गबार्ड यांनी मार्च २०२५ मध्ये अमेरिकी संसदेपुढे सांगितलं होतं. जूनमध्ये त्याबद्दल विचारल्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्या काय म्हणाल्या याची आपल्याला पर्वा नसल्याचं सांगितलं. मग भांडण कशावरून होतं?

साठ टक्के म्हणजे किती जवळ?

भांडण होतं युरेनियमवरून. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये दोन प्रकारचे अणू असतात. हजारातले सुमारे ९९३ जड, यू-२३८. उरलेले ७ किंचित हलके, यू-२३५. एक अणू फुटला की त्यामुळे पुढचे फुटत जातात, ती साखळी प्रक्रिया. ती चालवण्याच्या कामाचे हे ७. म्हणून सुपात धान्य पाखडावं तसं जड अणू बाजूला काढत जायचं, म्हणजे उरलेल्यात कामाच्या अणूंचं प्रमाण वाढत जातं. यालाच समृद्धीकरण म्हणतात. ते सेंट्रिफ्यूजमध्ये होतं. सेंट्रिफ्यूज म्हणजे प्रचंड वेगाने फिरणारी उभी नळकांडी. त्यात युरेनियमचा वायू सोडतात, जड अणू भिंतीकडे सरकतात, हलके मध्याजवळ राहतात. एका नळकांड्यात फरक अगदी नगण्य पडतो, म्हणून शेकडो नळकांडी ओळीने जोडून वायू एकातून दुसऱ्यात फिरवावा लागतो.

आता हिशोब बघा. गळतीतुटीचा भाग सोडून देऊ, समजण्यापुरतं धरू. हजार अणूंत ७ कामाचे. वीजकेंद्राच्या इंधनासाठी साधारण ३.६७ टक्के पुरतात. म्हणजे हजारातले ८०९ जड अणू काढून टाकायचे, उरतात १९१, त्यात आपले ७. संशोधन अणुभट्टीला लागणारं २० टक्के हवं असेल तर उरले पाहिजेत ३५. साठ टक्क्यांना उरतात १२. आणि बॉम्बला लागणाऱ्या ९० टक्क्यांना उरतात ८.

हजारापासून १९१ पर्यंत यायला ८०९ अणू काढावे लागले. साठ टक्क्यांपासून नव्वदपर्यंत जायला फक्त ४. बातमीत साठ आणि नव्वद हे आकडे वाचून वाटतं की अजून तिसरा हिस्सा वाट शिल्लक आहे. खरं तर जवळजवळ सगळी वाट चालून झालेली असते. इराणने एप्रिल २०२१ मध्ये साठ टक्क्यांचं समृद्धीकरण सुरू केलं, तेव्हा पाश्चात्त्य देशांच्या पोटात गोळा का आला, ते या हिशोबावरून कळतं. जून २०२५ च्या हल्ल्याआधी इराणकडे असं ४४० किलो युरेनियम असल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने, म्हणजे आयएईएने, दिला होता. या संस्थेच्या मोजमापाप्रमाणे साठ टक्क्यांचं साधारण ४२ किलो युरेनियम आणखी समृद्ध केलं तर एका बॉम्बपुरतं होतं.

तरीही युरेनियम म्हणजे बॉम्ब नव्हे. त्याचा धातू करणं, स्फोटाची रचना जुळवणं, ते क्षेपणास्त्राच्या टोकावर बसेल इतकं आटोपशीर करणं, यात पुढचे कित्येक महिने, कदाचित वर्षाहून अधिक काळ जातो. तुम्ही 'ब्रेकआउट टाइम' असं वाचता, तेव्हा त्याचा अर्थ फक्त एका बॉम्बपुरतं युरेनियम तयार व्हायला लागणारा वेळ इतकाच असतो. हे न सांगता 'दोन आठवड्यांत बॉम्ब' असा मथळा दिला जातो, आणि भीती निष्कारण दुप्पट होते.

तारापूरला येणारे तपासनीस

आयएईएचे तपासनीस करतात काय? हे समजायला संस्थेचं मुख्यालय आहे त्या व्हिएन्नाला जायची गरज नाही. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला चार अणुभट्ट्या आहेत. पहिल्या दोन अमेरिकी बनावटीच्या, १९६९ मध्ये वीज देऊ लागलेल्या, परदेशी समृद्ध इंधनावर चालणाऱ्या. त्या आयएईएच्या देखरेखीखाली आहेत. त्याच आवारातल्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या भारताने स्वतः उभारल्या आणि नागरी-लष्करी विभागणी करताना देखरेखीबाहेर ठेवल्या. भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर, म्हणजे एनपीटीवर सही केलेली नसल्याने त्याला अशी विभागणी करता येते. इराणने १९६८ मध्येच सही केली आहे, म्हणून त्याच्याकडच्या सगळ्या अणुसाहित्याचा हिशोब संस्थेला द्यावा लागतो.

काम बरंचसं कारकुनी आहे. किती इंधन आलं, किती वापरलं, किती उरलं, याची वही आणि प्रत्यक्ष माल जुळतो का ते बघायचं. पिंपावर, दारावर सील लावायचं. या संस्थेचं एक जुनं सील नाण्याएवढं, धातूचं असतं. त्याच्या आतल्या बाजूला मुद्दाम ओरखडे काढून त्यांचा फोटो घेऊन ठेवतात. काही महिन्यांनी सील कापून व्हिएन्नाला नेतात आणि ओरखडे जुन्या फोटोशी ताडून बघतात. कुणी मधे सील बदललं असेल तर तिथे पकडलं जातं. दुसरी युक्ती सुती फडक्याची. हातरुमालाहूनही लहान पांढऱ्या फडक्याने यंत्रं, भिंती, कठडे पुसून घेतात आणि ते फडकं व्हिएन्नाजवळच्या प्रयोगशाळेत तपासतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणावरूनही युरेनियम किती टक्के समृद्ध झालं होतं ते कळतं. २०२३ च्या सुरुवातीला इराणच्या फोर्दो केंद्रात ८३.७ टक्क्यांचे कण सापडले ते असेच. ते अनवधानाने झालेले चढउतार असल्याचं इराणने सांगितलं.

हे सगळं रटाळ वाटेल. पण मला हा या विषयाचा गाभा वाटतो. दोन देशांचा एकमेकांवर काडीचाही विश्वास नसताना त्यांच्यात शांतता टिकते ती अशा फडक्यांवर आणि ओरखड्यांवर. समोरचा काय करतोय हे माहीत असेल तर थांबता येतं. माहीत नसेल तर सगळ्यात वाईट तेच धरून चालावं लागतं, आणि लष्करी सल्लागारांचं कामच वाईटात वाईट धरून चालण्याचं असतं.

२०१५ मध्ये काय साधलं होतं

१४ जुलै २०१५ ला व्हिएन्नामध्ये इराणने अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, रशिया, चीन आणि युरोपीय संघाबरोबर करार केला. इराणने ३.६७ टक्क्यांच्या वर जायचं नाही, साठा ३०० किलोंच्या आत ठेवायचा, डोंगराखालच्या फोर्दोत पंधरा वर्षं समृद्धीकरण करायचं नाही आणि तपासनिसांना कसून तपासू द्यायचं. बदल्यात इराणवरचे आर्थिक निर्बंध उठणार. करारापूर्वी एका बॉम्बपुरतं युरेनियम जमवायला इराणला दोन-तीन महिने लागले असते, करारामुळे हा काळ सुमारे वर्षभराचा झाला. एवढा वेळ हाताशी असला की गडबड दिसल्यावर आधी विचारता येतं, मग दबाव आणता येतो, आणि बॉम्बफेकीचा विचार सगळ्यात शेवटी येतो.

करार परिपूर्ण नव्हता. काही मर्यादा दहा-पंधरा वर्षांत संपणार होत्या, क्षेपणास्त्रांचा त्यात उल्लेख नव्हता, आणि लेबनॉन, येमेन, इराकमधल्या इराणच्या हस्तक मंडळींबद्दलही काही नव्हतं. इस्रायलचा त्याला कडाडून विरोध होता. तरी इराण अटी पाळतो आहे असे अहवाल आयएईए देत होती. ८ मे २०१८ ला ट्रम्प यांनी अमेरिका करारातून बाहेर काढली आणि निर्बंध पुन्हा लादले. वर्षभर थांबून इराणनेही एकेक मर्यादा ओलांडायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याने जादा तपासणीची मुभा काढून घेतली. जून २०२२ मध्ये आयएईएचे सत्तावीस कॅमेरे उतरवले. वर्षभराचा तो अवधी कमी होत होत एक-दोन आठवड्यांवर आला, असं जुलै २०२४ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ब्लिंकन यांनीच सांगितलं.

म्हणजे एकीकडे साठा वाढत गेला आणि दुसरीकडे तो बघणारे डोळे कमी होत गेले. २०२५ ची चर्चा अशा स्थितीत सुरू झाली.

मुदत, धमकी आणि टेबलावर नसलेला तिसरा

मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी इराणचे तेव्हाचे सर्वोच्च नेते खामेनी यांना पत्र पाठवलं आणि साठ दिवसांची मुदत घातली. मुदतीमागचा विचार असा की ती नसेल तर समोरचा वेळकाढूपणा करेल. यात तथ्य आहे. पण ती जाहीर केली की मुदत घालणाराही तिच्यात अडकतो. साठावा दिवस मावळला आणि काहीच केलं नाही, तर पुढच्या वेळी धमकीला कोण विचारणार? १३ जूनला हल्ला झाल्यावर ट्रम्प यांनी लगेच बोलून दाखवलं की साठ दिवस दिले होते, आज एकसष्टावा आहे.

दुसरी अडचण अशी की मागणी नक्की काय, हेच ठरत नव्हतं. एप्रिलच्या मध्याला विटकॉफ यांनी मुलाखतीत ३.६७ टक्क्यांचा उल्लेख केला, तेव्हा इराणने थोडंफार समृद्धीकरण केलं तर चालेल असा अर्थ निघाला. दुसऱ्याच दिवशी त्यांचं निवेदन आलं की समृद्धीकरण पूर्ण बंद झालं पाहिजे. इराणसाठी हा कळीचा मुद्दा होता. शांततेच्या कामासाठी अणुऊर्जेचा हक्क एनपीटीच्या चौथ्या कलमात दिलेला आहे, आणि तो सोडणं म्हणजे मान तुकवणं, असं तेहरानमध्ये सत्तेतले सगळे गट मानतात. थोडं की शून्य, या एका प्रश्नावर चर्चा अडली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्या देशाला इराणच्या बॉम्बची सर्वाधिक धास्ती होती, तो इस्रायल मस्कतच्या टेबलावर नव्हताच. इराकची ओसिराक अणुभट्टी त्याने १९८१ मध्ये विमानं पाठवून उद्ध्वस्त केली होती, २००७ मध्ये सीरियातली. थांबलं तर उशीर होईल, हा त्याचा जुना आडाखा. २०२४ मध्ये इराणची हवाई संरक्षण यंत्रणा त्याने खिळखिळी केली होती, लेबनॉनमधली इराणच्या पाठिंब्यावरची सशस्त्र संघटना हिजबुल्ला दुबळी झाली होती. अशी संधी पुन्हा येणार नाही, असं इस्रायलमधल्या अनेकांना वाटत होतं. दोघांच्या चर्चेतून जो तोडगा निघेल तो तिसऱ्याला मान्य नसेल, आणि त्या तिसऱ्याकडे विमानं असतील, तर चर्चा यशस्वी होण्याच्या बेतात आली तरी धोका, फसली तरी धोका.

जूनचा दुसरा आठवडा तर तासातासाला तापत गेला. ११ जूनला अमेरिकेने बगदादच्या दूतावासातले काही कर्मचारी हलवायला सांगितलं, बहरीन आणि कुवेतमधल्या आपल्या सैनिकांच्या कुटुंबांना निघायची मुभा दिली. १२ जूनला आयएईएच्या पस्तीस सदस्यांच्या नियामक मंडळाने इराण आपली बांधिलकी पाळत नसल्याचा ठराव १९ विरुद्ध ३ मतांनी मंजूर केला, ११ देश तटस्थ राहिले. जवळपास वीस वर्षांत प्रथमच असा ठराव झाला. इराणने उत्तर म्हणून नवं समृद्धीकरण केंद्र उघडण्याची घोषणा केली. तेरा जून उजाडायच्या आत बॉम्ब पडू लागले.

चूक कुठेही होऊ शकते

ठरवून केलेल्या हल्ल्याइतकीच भीती चुकीचीही बाळगली पाहिजे. ८ जानेवारी २०२० ची पहाट आठवून बघा. पाच दिवसांपूर्वी अमेरिकेने बगदाद विमानतळाजवळ इराणी सेनापती कासिम सुलेमानी यांना ड्रोनहल्ल्यात मारलं होतं. त्या रात्री इराणने इराकमधल्या ऐन अल-असद तळावर क्षेपणास्त्रं सोडली. इराकला आधी कळवलं होतं, त्यामुळे सैनिक आसऱ्याला गेले होते. कुणी मेलं नाही, पण शंभराहून जास्त अमेरिकी सैनिकांच्या मेंदूला इजा झाल्याचं पुढे निष्पन्न झालं. आता अमेरिका उलटून मारणार, या तणावात तेहरानभोवतीच्या क्षेपणास्त्र तुकड्या डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. प्रवासी विमानं मात्र चालूच होती, हवाई हद्द बंद करण्याची तसदी कुणी घेतली नाही.

सकाळी सव्वासहाच्या सुमारास युक्रेनचं प्रवासी विमान कीव्हला निघालं. एका तुकडीच्या रडारची दिशा नीट लावलेली नव्हती, त्यामुळे वर चढणारं विमान आपल्याकडे येणाऱ्या क्षेपणास्त्रासारखं दिसलं, असं इराणच्याच अहवालात आहे. वरिष्ठांशी संपर्क झाला नाही. दोन क्षेपणास्त्रं सोडली गेली. १७६ जण गेले. बहुतेक इराणी आणि इराणी वंशाचे कॅनडावासी होते, सुट्टीनंतर परत निघालेले विद्यार्थी, नवविवाहित जोडपी, लहान मुलं. तीन दिवस नाकारल्यानंतर इराणने कबुली दिली. दोन्ही सरकारांना त्या रात्री मोठं युद्ध नको होतं, आणि तसं ते झालंही नाही. तरीही एवढी माणसं गेली. मला या सगळ्या कहाणीत ही गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते.

म्हणूनच मागच्या दाराने निरोप देण्याची सोय फार मोलाची असते. इराण आणि अमेरिकेचे राजनैतिक संबंध १९८० पासून तुटलेले आहेत. तेहरानमध्ये अमेरिकेचं काम स्वित्झर्लंडचा दूतावास बघतो, आणि चर्चेत निरोप्याचं काम बहुधा ओमान किंवा कतार करतो. २३ जून २०२५ ला इराणने कतारमधल्या अल-उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं डागली तीही पूर्वसूचना देऊन. जीवितहानी झाली नाही. दुसऱ्या दिवशी शस्त्रसंधी लागू झाली. प्रत्युत्तर दिल्याचं इराणला घरी सांगता आलं, आणि अमेरिकेला थांबायला जागा मिळाली.

सामान्य माणसांनी काय सोसलं

तेहरानमध्ये चर्चेची नाडी बघायची तर लोक डॉलरचा भाव बघतात. फिरदौसी रस्त्यावरच्या सराफी दुकानांत तो मिनिटामिनिटाला बदलतो. २०१५ च्या कराराच्या वेळी एका डॉलरला तीसेक हजार रियाल पडत, मार्च २०२५ च्या अखेरीला दहा लाखांच्या वर गेले. एप्रिलमध्ये मस्कतची चर्चा सुरू झाल्यावर रियाल लगेच सावरला. पगार रियालमध्ये आणि औषधं, सुटे भाग डॉलरच्या भावाने, अशा माणसाला चर्चेच्या बातमीतला प्रत्येक शब्द खिशात जाणवतो.

आणि जूनमध्ये? शहरात धोक्याचे भोंगे नव्हते, बॉम्बपासून आसरा घ्यायला तळघरं नव्हती. मेट्रो स्थानकं आणि मशिदी रात्रंदिवस उघड्या ठेवू, असं सरकारने सांगितलं. १६ जूनला सगळ्यांनी तेहरान ताबडतोब सोडावं असा संदेश ट्रम्प यांनी टाकला. नव्वद लाखांचं शहर कुठे जाणार? कॅस्पियन समुद्राकडे जाणारे रस्ते गाड्यांनी तुंबले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, पेट्रोल मोजून मिळू लागलं. १८ जूनपासून इंटरनेट जवळपास बंद पडलं. परदेशातल्या मुलांना आईवडील जिवंत आहेत का हेही कळेना.

आपल्याकडे त्याची झळ लगेच पोहोचली. पहिल्याच सकाळी मुंबईहून लंडनला निघालेलं विमान वाटेतूनच परत फिरलं. २३ जूनच्या रात्री कतारने हवाई हद्द बंद केली आणि दोहामार्गे जाणारे हजारो प्रवासी अडकले. आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात. रत्नागिरी-रायगडकडच्या आणि गोव्यातल्या कित्येक घरांचा खर्च तिथून येणाऱ्या पैशावर चालतो. भारत सरकारने 'ऑपरेशन सिंधू' राबवून इराण आणि इस्रायलमधून चार हजारांहून जास्त नागरिक परत आणले. १३ जूनला खनिज तेल एका दिवसात सुमारे सात टक्क्यांनी महागलं, कारण जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा जवळपास पाचवा भाग तेव्हा होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जात होता. त्या वेळी इराणने ती बंद केली नाही, म्हणून भाव परत उतरले.

आखातातल्या आपल्या माणसांना आणखी एक भीती असते ती किरणोत्साराची. तिच्यातही फरक करायला हवा. नतान्झ, फोर्दो इथे होतं ते समृद्धीकरण. तिथे बॉम्ब पडला तर विषारी रसायनं आणि थोडा किरणोत्सार आवारापुरता पसरू शकतो. २२ जूनच्या हल्ल्यानंतर बाहेर किरणोत्साराची पातळी वाढल्याचं दिसलं नाही, असं आयएईएने सांगितलं. बुशहरची गोष्ट वेगळी आहे. ते समुद्रकाठचं चालू वीजकेंद्र, आत हजारो किलो इंधन. त्यावर थेट मारा झाला तर परिणाम फार गंभीर होतील, असं संस्थेचे प्रमुख राफाएल ग्रोसी यांनी सुरक्षा परिषदेत बजावलं. आखातातले कित्येक देश पिण्याचं पाणी समुद्राचं पाणी गोडं करून मिळवतात, आणि समुद्र तोच. म्हणून पुढे कधीही बातम्यांमध्ये बुशहरचं नाव आलं तर ती जास्त लक्ष देऊन वाचावी.

भारत आणि पाकिस्तान यांनी या बाबतीत एक शहाणपण केलं आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार दोघांनी ३१ डिसेंबर १९८८ ला केला आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. संबंध कितीही बिघडले तरी ती दिली जाते. इराण आणि इस्रायल यांच्यात असं काहीच नाही.

मग चर्चा नकोच का?

असं ज्यांना वाटतं त्यांनी १९९४ चा उत्तर कोरिया बघावा. योंगब्योनच्या अणुभट्टीतलं इंधन तपासनिसांना नीट तपासू न देता उत्तर कोरियाने बाहेर काढलं आणि जूनमध्ये आयएईए सोडत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेचं क्लिंटन सरकार तिथे बॉम्बफेक करण्याचा आणि दक्षिण कोरियात सैन्य वाढवण्याचा विचार करत होतं. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, लोक तांदूळ आणि नूडल्सची पाकिटं साठवू लागले होते. तेवढ्यात माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर प्याँगयांगला जाऊन उत्तर कोरियाचे नेते किम इल-सुंग यांना भेटले आणि तिथूनच वॉशिंग्टनला फोन करून सांगितलं की ते थांबायला तयार आहेत. ऑक्टोबरमध्ये जिनिव्हात करार झाला. योंगब्योनची अणुभट्टी सुमारे आठ वर्षं बंद राहिली. २००२ मध्ये तो करार कोसळला, तपासनीस हाकलले गेले, जानेवारी २००३ मध्ये उत्तर कोरिया एनपीटीतून बाहेर पडला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये त्याने पहिली चाचणी केली.

तेहरानमधले कट्टरपंथी यातून वेगळाच अर्थ काढतात. लिबियाच्या गद्दाफीने २००३ मध्ये अणुकार्यक्रम सोडून दिला आणि २०११ मध्ये तो मारला गेला. उत्तर कोरियाने बॉम्ब बनवला आणि त्याच्यावर कुणी हल्ला केला नाही. चर्चा चालू असतानाच बॉम्ब पडल्यावर तर या युक्तिवादाला आणखी बळ आलं. जून २०२५ च्या हल्ल्याचा सर्वांत वाईट परिणाम मला हाच वाटतो.

कारण त्यानंतर जे झालं ते बघा. २ जुलैला इराणने आयएईएशी सहकार्य थांबवणारा कायदा लागू केला आणि तपासनीस देशाबाहेर पडले. ९ सप्टेंबरला कैरोमध्ये ग्रोसी आणि अराघची यांनी तपासणी पुन्हा सुरू करण्याची एक पद्धत ठरवली. पण त्याआधीच, २८ ऑगस्टला, ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने 'स्नॅपबॅक'ची घंटा वाजवली होती. २०१५ च्या करारातलं हे कलम मोठं चलाखीचं आहे. एरवी सुरक्षा परिषदेत निर्बंध लादायचे तर रशिया किंवा चीन नकाराधिकार वापरून ते अडवू शकतात. इथे उलटं आहे. तक्रार आली की तीस दिवसांत निर्बंध उठलेलेच राहावेत असा ठराव मंजूर व्हावा लागतो. तो झाला नाही तर जुने निर्बंध आपोआप परत येतात आणि कुणाचा नकाराधिकार चालत नाही. सप्टेंबरच्या अखेरीला संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध तसे परत आले. त्यावर इराणने कैरोत ठरलेली पद्धत आता लागू नसल्याचं सांगितलं.

राहिलं ते साठ टक्क्यांचं ४४० किलो युरेनियम. ते पिंपांत भरून ठेवतात, आणि बरंचसं इस्फहानच्या अणुकेंद्रातल्या भुयारांत असावं असा आयएईएचा कयास होता. फोर्दोच्या डोंगरावर टाकलेला एकेक बॉम्ब तेरा टनांहून जड होता. त्याने सेंट्रिफ्यूज मोडले, पण किती पिंपं उरली आणि कुठे आहेत, ते त्यातून कळलं नाही. युद्धाआधी हा साठा किलोच्या अपूर्णांकापर्यंत मोजला जात होता. युद्धानंतरचे कित्येक महिने संस्थेला तो प्रत्यक्ष बघता आला नाही.